आबांना बोलायची बंदी

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. बी.ए., सेकंड क्लास. हे मी कुणी न विचारताही सांगते. पिशोरकडच्या शेरडं राखणाऱ्या माणसाच्या पोरीनं औरंगाबादला येऊन पदवी घ्यायची, ती काय पेटीत झाकून ठेवायला?

एक सल तेवढा राहिला. कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात मी उठून म्हणाले, "सर, म्या लई लांबून येते," आणि मागचे दोन बाक हसले. त्यानंतर मी माझी बोली अशी घासली, की सुट्टीत घरी गेल्यावर आई म्हणायची, "रेडिओवानी बोलती गं तू."

लेक झाली तेव्हाच ठरवलं, हिच्यावर कुणी हसायचं नाही.

मी कचेरीत कारकून, नवरा वाळूजला कारखान्यात, शिफ्टमध्ये. पोर सांभाळायला आईला बोलावलं, तर ती शेळ्या सोडून यायला तयार होईना. "त्यायला म्या लागते. तुह्या आबालाच ने. त्यायचं इथं काय अडत नाय."

म्हणून आबा आले, काठी आणि घोंगडीसकट. दुसऱ्या सकाळी कामावर निघताना मी त्यांना नियम सांगितला.

"आबा, पोरीशी पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायचं. लई, व्हय, नाय, यातलं काही नको."

"आन् नाय जमलं तर?"

"मग बोलू नका."

आबांनी मान हलवली. "शिकलेली तू हायेस, माय."

घरात तयारी जय्यत होती. भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता, शिवाय जाड पानांचं चित्रांचं पुस्तक. संध्याकाळी आले की मी पोरीला समोर बसवून स्पष्ट उच्चारात वाचायची. पोरगी पुस्तकाचा कोपरा चावायची. शेजारच्या खाला खिडकीतून विचारायच्या, "क्या बेटा, क्या खाए आज?" तर मी ती खिडकीही लावून टाकली. बी.ए. माणूस एकदा कामाला लागला की असा लागतो.

पोरगी दीड वर्षाची झाली, पावणेदोनची झाली. हसायची, पळायची, हवं ते बोटानं दाखवायची. शब्द मात्र एक नाही. नवरा म्हणायचा, "बोलतात काही पोरं उशिरा." मी दिवसा हो म्हणायची आणि स्वयंपाक करताना तिच्यामागं मुद्दाम भांडं आपटून बघायची. वळते का? वळायची. तरी धास्ती जाईना. शेवटी लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो, आबाही सोबत.

बाईंनी बराच वेळ तपासलं. कान उत्तम. मग विचारलं, "दिवसभर हिच्याजवळ कोण असतं?"

"माझे वडील. गावाकडं शेळ्या राखायचे."

"बाबा, काय काय बोलता नातीशी?"

आबा उठून उभे राहिले. "काय नाय, बाई. लेकीनं मना केलंय."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीवरच्या लसीच्या वेळापत्रकाकडं.

"अजिबात नाही?"

"मानेनं सांगतो. तिला समदं कळतं."

"शेळ्यांशी बोलायचात का?"

"त्यायच्याशी तर बोलावंच लागतं. नाय बोललं तर मागं कशा येतील?"

"मग तेच हिच्याशी बोला. येतं तसं. ती बोट दाखवील तिथून सुरुवात करायची." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "शाळेतली भाषा शाळेत येईल. आधी पोरीला कळू द्या, की बोलण्यात मजा असते."

रिक्षात मी म्हणाले, "आबा, बोला की आता."

"काय बोलू? सवय मोडली."

तेवढ्यात सिडकोच्या वळणावर म्हैस आडवी आली आणि पोरीनं बोट केलं. आबांनी आधी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली.

"म्हैस हाय ती. बग, कशी मधीच हुबी राह्यली. तिच्या बापाचाच रोड हाय ना."

रिक्षावाला हसला, आणि आबांचं जे सुरू झालं ते घर आलं तरी थांबेना.

खिडकी उघडली. खालांनी विचारलं, इतके दिवस बंद का? मी म्हणाले, मच्छर. बी.ए.ला एवढं खोटं माफ असावं.

आबांना अक्षर येत नाही. पण पुस्तकातल्या शेळीच्या पानावर ते अर्धा अर्धा तास काढायचे. "ही दोनदा व्यालेली दिसती. कान बग कशे पाडलेत. उन्हाची आलीया. हिला पाणी पाजलं का कुणी?" दुसऱ्या दिवशी त्याच शेळीचा पाय मुरगळलेला असायचा, तिसऱ्या दिवशी ती पाटलाच्या शेतात घुसलेली. पाणी मात्र रोज पाजायचं. पोरगी ते पान उलटू द्यायची नाही. मी वाचताना कोपरा चावणारी हीच.

असे काही आठवडे गेले. एका संध्याकाळी दार उघडलं, तर पुस्तक फरशीवर उघडं आणि पोरगी पेला घेऊन शेळीच्या तोंडावर पाणी ओततेय.

"पी, माय," ती म्हणाली. "पी."

मी खांद्यावरची पर्ससुद्धा काढली नाही. पान फुगून वर आलेलं, पाणी माझ्या चपलेपर्यंत. आबा बाजूला मांडी घालून बसलेले, जसं काही रोजचंच.

काहीतरी म्हणायला हवं म्हणून मी म्हणाले, "लई भिजलं की पुस्तक, आबा."

"वाळत घाल," आबा म्हणाले. "सकाळी परत पाजायचंय तिला."