दोर सोडायचा हुकूम माझा होता

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. माझ्या हाताखालच्या नाईक मारुतीने स्वतःहून दोर सोडला नव्हता. तो हुकूम माझा होता.

मी तेव्हा हवालदार. बर्फातली पोस्ट. सहा जणांची गस्त, खाली भेगा असतात म्हणून सगळे एका दोराला बांधलेले. त्या सकाळी आम्ही चाळीस मिनिटं मागे होतो. दहा वाजता रेडिओवर विचारलं, "लोकेशन?" उशीर कबूल करायची मला लाज वाटली. "पंधरा मिनिटांत पोहोचतो," म्हणालो आणि भरभर चालता यावं म्हणून सगळ्यांना दोर सोडायला लावला.

मारुती म्हणाला, "उस्ताद, हितं नको."

"चल."

दहा वाजून सात मिनिटांनी तो भेगेत गेला. चौकशीत मी लिहून दिलं, त्याने स्वतःच दोर सोडला. बाकीचे चौघे माझ्यासाठी गप्प राहिले.

निवृत्त होऊन कोल्हापूरला आलो. चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट आलं की न घेताच पुढे सरकवायचो. पाळकसाहेब म्हणाले, "कृपा फुकट असते."

"फुकटचं मला नको."

शरण जाणं फौजेत आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं.

दरवर्षी मात्र शाहूवाडीला मारुतीच्या आईकडे जायचो. कौलं बदलली, भाताची लावणी केली. पण त्या घरात कधी जेवलो नाही. यंदा ती ताट घेऊन समोरच बसली. "इतकी वर्सं येतोस. घास का घेत न्हाईस?"

मग सांगितलं. सगळं.

तिने ताट माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाली, "माफ केलं, जा."

"मावशी, शिव्या द्या. माफी नको."

"नको म्हननारा तू कोन? माफी माजी हाय. द्यायची का न्हाय ते मी ठरवनार. हितं बी हवालदारकी करतोस व्हय? जेव गप. भात निवतोय."

जेवलो. हरल्याचा रागही आला होता, खोटं कशाला बोलू. पुढच्या रविवारी प्रभुभोजन घेतलं, तेही मान ताठ ठेवूनच.

माफी मिळाली, मग जुनं कशाला उकरता, असं कुणी म्हणेल. मिळाली म्हणूनच उकरतोय. पेन्शन गेली तरी बेहत्तर.

नाईक मारुती, शाहूवाडी, वय सव्वीस. शिस्तीचा जवान. युनिटच्या कागदांत तो अजून स्वतःच्या हलगर्जीपणाने मेलेला आहे. त्या खोट्याखाली माझी सही आहे. खरं काय घडलं ते लिहून, सही करून युनिटला द्यायचं माझ्याकडून बाकी आहे.