पाहुणे आले की पट्टा पेटीत

मी आठवीत असताना माझा पाठीचा कणा एका बाजूला वाकू लागला आणि लातूरच्या डॉक्टरांनी मला कडक प्लास्टिकचा पट्टा दिला, काखेपासून पार कमरेखालपर्यंत. आंघोळीपुरता काढायचा, बाकी झोपेतसुद्धा अंगावर. उंची वाढतेय तोवर वाक वाढू द्यायचा नाही, नाहीतर ऑपरेशन.

ऑपरेशन म्हटलं की माझी पाचावर धारण बसायची. आपल्या मनानं मी पट्टा कधीच काढला नाही. काढायची आई. मुखेडच्या आमच्या घरात पाहुण्यांचा राबता, आणि सोयऱ्यांत बोभाटा झाला तर पोरीला करून कोण घेणार? आठवीतल्या पोरीच्या लग्नाची ही काळजी! दारात चप्पल वाजली की पट्टा गोधड्यांच्या पेटीत. झाकली मूठ सव्वा लाखाची. लग्नसराईत तर पाहुणे हलेचनात. मी आपली भिंतीला पाठ टेकून बसायची, जणू भिंतच मला सरळ ठेवणार होती.

पुढच्या तपासणीला अहमदपूरमार्गे लातूरला निघालो, तेव्हा मी भीतीनं खिडकीचा गज धरून बसले होते. आईला वाटलं, गाडी लागली.

डॉक्टरांनी नवा एक्स-रे स्क्रीनवर दाखवला. वाक वाढला होता.

"पट्टा पूर्ण वेळ घालते ना?"

"हाव की. रात्रंदिवस," आई म्हणाली.

"मग पट्ट्याचा उपयोग होत नाहीये. आता ऑपरेशनचा विचार करावा लागेल."

आईच्या त्या एका खोट्यापायी माझी पाठ चिरली जाणार होती. खरं बोलावं तर परक्या माणसासमोर आईची इज्जत जाणार. दोन्हींची सारखीच भीती वाटली. तरी बोलले, "न्हाई सर. पाहुणे आले की काढून ठिवतो आम्ही. आन् पाहुणे लई येतेत."

डॉक्टर आईवर चांगलेच रागावले. मग म्हणाले, "अजून थोडे महिने बघू. पण वाक थांबेलच, अशी खात्री मी देत नाही."

बाहेर बाकांवर माणसं दाटीवाटीनं बसली होती. आई मला आडोशाला नेईल असं वाटलं. तिनं तिथंच, सगळ्यांदेखत, एक्स-रेसाठी काढलेला पट्टा माझ्या कुडत्यावरून चढवला आणि मागचे बंद ओढले. बंद नको इतके आवळले गेले.

"लई घट्ट झाला का गं माय?"

मला श्वास पुरत नव्हता.

"न्हाई," मी म्हणाले. "अजून आवळ."