रिम आणि रस्ता यांच्यातले अंतर

टायरच्या कडेवर काही आकडे उमटवलेले असतात. पहिला टायरची रुंदी सांगतो. दुसरा, त्या रुंदीच्या मानाने रबराची उंची किती, हे सांगतो. आणि शेवटचा आकडा आतल्या रिमच्या व्यासाचा असतो. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले. परीघ म्हणजे काय हे समजावे म्हणून मुलांना सायकलच्या चाकावर खडूची खूण करून ते मैदानात फिरवायला लावले. मात्र टायरवरचे हे आकडे मी पहिल्यांदा लक्षपूर्वक वाचले ते पत्नीच्या आजारपणात.

तिचा आजार मणक्यापर्यंत पोचला होता. सोलापूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "किरणोपचार सलग पूर्ण झाले, तर पाय वाचण्याची आशा आहे. मध्येच सोडू नका." म्हणजे रोज मोहोळहून सोलापूरला जायचे आणि परत यायचे. सोलापुरातच खोली घेऊ, असे मी सुचवले, तेव्हा ती म्हणाली, "दिवस त्यांच्या यंत्राला देते. रात्र माझ्या घरात."

म्हणून आम्ही एक वापरलेली गाडी घेतली. आधीचा मालक हौशी असावा. त्याने कंपनीची चाके काढून मोठी, चकचकीत अलॉयची चाके बसवली होती. शेजारी कौतुकाने म्हणाले, "सर, गाडी लई रुबाबदार दिसती की!" चाके गोल असावीत, यापलीकडे माझी त्यांच्याकडून काही अपेक्षा नव्हती.

मागच्या सीटवर गादी घालून, पाठीला उशा लावून मी तिला तिरके बसवत असे. माझ्या सीटच्या माथ्याशी असलेल्या दोन दांड्या ती हातांनी धरून ठेवी. रस्त्यात धक्का बसला की ती ओरडत नसे, दांड्या ओढी. त्यामुळे तिची वेदना मला आधी पाठीत कळे आणि मग आरशात दिसे.

"अहो, हळू."

"चाळीसच आहे."

"तुमचा काटा खोटं बोलतो."

चार-पाच फेऱ्यांतच तिने निर्णय सांगून टाकला. "आता मला नेऊ नका. दुखणं परवडलं, तुमची गाडी नाही."

तिचे पाय त्या आठवड्यात थरथरू लागले होते. स्वयंपाकघरापर्यंत जाताना ती भिंतीला हात लावून चाले आणि मी पाहत नाही असे मला दाखवावे लागे. उपचार थांबले तर पुढे काय, हे आम्ही दोघेही जाणत होतो. तिला बोलून पटवण्यासाठी माझ्याजवळ एकही मुद्दा उरला नव्हता. तेव्हा रविवारी, उपचारांच्या सुट्टीच्या दिवशी, मला जे येत होते ते मी केले. डिकीतली स्टेपनी बाहेर काढली. ती मूळ मापाची होती, साध्या लोखंडी रिमची. तिच्यावर आणि गाडीच्या चाकावर खडूने खुणा केल्या आणि अंगणात दोघांचा एकेक फेरा मोजला.

ती दारातल्या बाजेवरून पाहत होती. "निवृत्त झालात ना? मग हा कोणता तास?"

"तुझा काटा बरोबर निघाला," मी म्हणालो.

गाडीचा मीटर अंतर मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. चाक मोठे झाले की प्रत्येक फेऱ्याला गाडी अधिक पुढे जाते. मीटरला मात्र ते ठाऊक नसते. काटा चाळीस दाखवत असताना आम्ही त्याहून वेगाने जात होतो. शिवाय मोठे चाक जागचे हलवायला इंजिनाला अधिक जोर लागतो. थांब्यावरून निघताना म्हणूनच मी अॅक्सिलरेटर अधिक दाबत होतो आणि त्या हिसक्याने तिची मान मागे जात होती. पण खरे कारण मला बोटांनी मोजता आले. स्टेपनीवर रिम आणि रस्ता यांच्यामध्ये पाच बोटे रबर होते; मोठ्या चाकावर जेमतेम तीन. खड्ड्याचा मार जिरतो तो त्या रबरात. रिम वाढवून रबर कमी केले, की उरलेला मार गाडीत बसलेल्याच्या हाडांना मिळतो.

चाके बदलायची तर दुकान शोधण्यात एक दिवस गेला असता, आणि दिवस घालवायचा नव्हता. मी शिक्षकाला शोभेल असा सोपा मार्ग काढला. हवेचा दाब कमी केला, तर टायर मऊ होईल. नियम बरोबर होता. तिला म्हणालो, "उद्या फरक कळेल."

"फक्त उद्याच्या दिवस," ती म्हणाली.

चिंचोळी एमआयडीसीजवळ ट्रकांची रांग लागली होती म्हणून मी सर्व्हिस रोडने घेतले. खड्डा फार खोलही नव्हता. पण तीन बोटे रबर, आणि त्यातली हवा मीच काढून टाकलेली. रिम थेट दगडाच्या कडेवर आपटली. सीटला ओढ बसली नाही. तिचे हात सुटले होते. तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी इतक्या वर्षांच्या संसारात कधी ऐकला नव्हता. टायर फुटून गाडी एका अंगाला कलून थांबली.

मी उतरलो. डिकी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. ऊन डोक्यावर होते. ट्रक शेजारून धूळ उडवत जात होते. खिडकीतून तिचा आवाज आला, "संपलं. आता घरी."

थोड्याच अंतरावर पत्र्याच्या शेडमध्ये टायरचे दुकान होते. तिथला दाढीवाला दुकानदार जॅक घेऊन स्वतःच चालत आला. "काका, तुमी ऱ्हाऊ द्या. पयलं काकूंना सावलीत आणू." आम्ही दोघांनी तिला उचलून त्याच्या बाजेवर निजवले. स्टेपनी लावून गाडी शेडपर्यंत नेली, तेव्हा शेडमागे मला लोखंडी रिमांची चळत दिसली. अलॉय बसवणारे लोक मूळ चाके इथेच टाकून जात.

"उरलेली तिन्ही काढा," मी म्हणालो. "स्टेपनीच्या मापाची बसवा."

तो हसला. "लोक हितं मोठी घालायला येत्यात. लहान घालणारे तुमीच पयले. गाडी बसकी दिसंल, आधीच सांगतो."

"दिसू दे रे बाबा," बाजेवरून ती म्हणाली. "मी काय टपावर बसणार आहे?"

त्याने बदललेल्या चाकांत पूर्ण हवा भरली. तिला पुन्हा मागे बसवले. मी चावी फिरवली, पण गाडी पुढे घेईना. "इथून घर लांब आहे," मी म्हणालो, "दवाखाना जवळ. परतीचा रस्ता धरला, तर धक्के जास्तच…"

"तुमचा हिशेब नको मला."

"बरं." मग मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिलो. "मला काही सुचत नाहीये गं," एवढेच म्हणालो.

मग दोन्ही दांड्या तिने हळूच धरल्याचे सीटला जाणवले.

"चला," ती म्हणाली. "पण दवाखान्याच्या दारातला तो गतिरोधक. तिथं मला आधी सांगा."

मी सांगितले. गाडी चढली, उतरली. ओढ बसली. मी आरशात पाहिले नाही.

"लागला," ती म्हणाली. "पण आत नाही गेला."

आम्हाला उशीर झाला होता. त्यांनी तरी तिला घेतले. बाहेर आणताना यंत्रावरच्या मुलीने विचारले, "आजी, उद्या याच वेळेला ना?" मी पत्नीकडे पाहिले. हा प्रश्न माझा नव्हता. ती चाकांच्या खुर्चीत डोळे मिटून बसली होती. वाटले, झोपली.

"उद्या घरून जरा लवकर निघू," डोळे न उघडता ती म्हणाली. "लहान चाकं आहेत. वेळ लागणार."

एवढ्या अंतरात तो फरक फार तर दोन-तीन मिनिटांचा होता. मी तिची चूक दुरुस्त केली नाही.