कचरेतात्यांचं वावर

पेरणीआधी वावर अंगणासारखं स्वच्छ दिसलं पाहिजे, असा आमच्या गावचा दंडक. एक काडी राहिली तरी धुऱ्याच्या बांधावरून जाणारा टोमणा मारून जातो. तात्यांचं वावर मात्र बारमाही गबाळं. मळणीनंतरचं सोयाबीनचं कुटार, कपाशीच्या पऱ्हाटीचा चुरा, उपटलेलं गवत, सगळं तिथंच पसरलेलं. म्हणून गावानं त्यांना कचरेतात्या करून टाकलं.

वावर लोणारकडच्या उतारावर, बरड. वीतभर माती आणि खाली मुरूम. "मातीले बी आंग असते बे," ते मला सांगत. "उघडी ठेवली का पानी घेऊन जाते तिले." लोक जाळायला काढलेलं कुटार हे गृहस्थ डोक्यावर वाहून आणत. रिकाम्या जागी मटकी फेकत, तिचे वेल जमीन झाकून टाकत. काकू वारल्या, मुलगी सासरी गेली. मग त्यांच्याशी बोलायला शेजारच्या वावरातला मी तेवढा उरलो. हसायचो मीही, पण दुपारचा चहा त्यांच्याच झोपडीत घ्यायचो.

एका उन्हाळ्यात तात्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करून महिनाभर मुलीकडे साखरखेर्ड्याला राहिले. म्हाताऱ्याला आता कुठलं साफ करणं होतंय, असं वाटून मी त्यांच्या वावरातला कचरा गोळा केला, पेटवला आणि ट्रॅक्टरनं सगळं वखरून घेतलं. वावर कसं लख्ख दिसत होतं! मी स्वतःवर भलताच खूश होतो. चारच दिवसांनी वळीव कोसळला. तासाभरात माती नाल्याला लागली आणि उतारावर नुसता मुरूम राहिला.

तात्या काळा चष्मा लावून आले.

"कोनं केलं?"

"मी. तुमचं काम हलकं व्हावं म्हणून."

ते बराच वेळ गप्प उभे राहिले. मग म्हणाले, "चाय घेतं का?"

तो चहा मी अर्धाच ठेवून उठलो. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतर मी त्यांच्याकडे जाणंच सोडलं. ते एकटे पुन्हा कुटार वाहताना दिसले की मी मान खाली घालून कामाला लागे. मला लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

गेल्या हिवाळ्यात तात्या गेले. दिवस झाल्यावर त्यांची मुलगी माझ्या घरी आली. उंबऱ्यातच थांबून म्हणाली, "भाऊ, एक इचारू? बाबा मले लय डाव म्हनत, 'त्या दिवशी मी चूप राह्यलो, म्हून त्याले माहा राग आला.' आता तरी गेला का हो तुमचा राग?"