फळ्यावरचं पाणी

"चुळा भरा. सगळ्यांनी. बाहेर जाऊन."

हेडमास्तर दारात उभे होते. माझ्या वर्गातली पोरं एकामागं एक उठली, ओट्यावर गेली आन् थुंकली. मी टेबलाजवळ तशीच. हातात काचेचा गिलास.

आर्वीकडच्या एका गावातली शाळा. आम्ही बौद्ध झालो, त्याच्या पुढच्याच साली मले तिथं मास्तरणीची नोकरी लागली. गावाच्या लेखी आम्ही होतो तेच होतो. शाळेच्या माठाले मी हात लावायचा नाई. म्हणून त्या दिवशी प्रयोगाले पाणी घरूनच नेलं. बाजारातल्या लिमलेटच्या लाल गोळ्या नेल्या. एक गोळी गिलासात टाकली, ढवळली. पोरं माना उंच करून पाहून राह्यली होती. गोळी झिजली, दिसेनाशी झाली.

"कुठं गेली गोळी?"

"संपली, बाई!"

"मंग चाखून पाहा."

पाटलाची कुसुम पहिली आली. बोट बुडवलं, चोखलं. "अवो बाई, गोड हाय! गोळी यातच हाय!"

मंग काय, सारा वर्ग बोटं घेऊन धावला. मी किती खूश झाली होती! तेवढ्यात हेडमास्तरांनी पाह्यलं.

चूळ भरता भरता कुसुम माह्याकडं पाहे. आपलं काय चुकलं, तिले कळत नव्हतं. मले कळत होतं. पण बोलली आन् नोकरी गेली तर मायनं काय खावं? हेडमास्तर जवळ येऊन गोड बोलले, "बाई, प्रयोग फळ्यावर काढत जा. पाणी कशाला हवं?"

काढला मी. काय करू? खडूचा गिलास, खडूचं पाणी, खडूची गोळी. पोरांनी पाटीवर उतरवलं. "गोळी पाण्यात विरघळते," सगळे एका सुरात बोलले. कुसुमबी. मले माहीच किळस आली.

रातभर डोळा लागला नाई. सकाळी फळा पुसला. घरच्या पाण्यानं भरलेला गिलास टेबलावर ठेवला, गोळी टाकली.

हेडमास्तर आले. "हे उचला."

"नाई उचलत, गुरुजी. मले काढायचं तर काढा. पण काऊन काढलं, ते कागदावर लिहून द्या."

शिवाशिवीविरुद्ध कायदा झाला होता, कागदावर कसं लिहितील? ते तसेच मागं फिरले.

"या, चाखा," मी पोरांले म्हटलं. एकबी उठलं नाई. कुसुम खाली मान घालून बसली होती. मंग मीच बोट बुडवलं, सगळ्यांसमोर चाखलं. "गोड हाय," म्हटलं.

त्या दिवशी ठरवलं ते ठरवलं. कोणी चाखो, नाई तर न चाखो. गिलास टेबलावर राहीन. खडूचं पाणी माह्या वर्गात पुन्हा नाई.