प्रयोगशाळेमागची समाधी

त्सुकुदाबाईंनी एक माणूस सुई टोचून मारला, संस्थेच्या मागे पुरला आणि दर वसंतात त्या तिथे जाऊन रडतात, ही बातमी आमच्या गावात माझ्या बायकोच्या मावशीने आणली. म्हणजे पक्कीच. मावशीची बातमी रेडिओच्या आधी यायची आणि रेडिओपेक्षा रंगून यायची.

बाई विषाणूतज्ज्ञ. उन्हाळ्यात भातखाचरांतल्या डासांमुळे पोरांना मेंदूज्वर व्हायचा, त्याचा विषाणू हा त्यांचा जन्माचा विषय. मी दक्षिण जपानात, मियाझाकीतल्या त्यांच्या संशोधन संस्थेचा ड्रायव्हर, पण मूळचा डोंगरातला, शिकाऱ्यांच्या गावचा. त्यामुळे दोन्हीकडच्या चहाड्या माझ्याकडे जमा व्हायच्या. काय दिवस होते ते! बुसानहून ओक नावाचे कोरियन डॉक्टर यायचे ते किमचीचं, म्हणजे आंबवलेल्या कोबीचं, मडकं घेऊनच. पुढचा आठवडाभर सगळा मजला दरवळायचा. तैपेईहूनही एकजण यायचे. तिघांनी मिळून बरेच शोधनिबंध छापले होते. संस्थेतले पुरुष कुजबुजायचे, "बाईंना नवरा मिळाला नाही, म्हणून समुद्रापलीकडे भागीदार शोधले." बाईंच्या कानावर गेलंच. नमुना ओढायला तोंडात धरलेली काचनळी बाजूला ठेवत त्या म्हणाल्या, "भागीदार मोजे धुवायला लावत नाहीत."

त्या वर्षी प्रश्न होता, की हिवाळ्यात डास मरतात, मग विषाणू राहतो कुठे? बाईंचा संशय रानडुकरांवर. सपाटीवरच्या गावांतलं रक्त ओकांनी तपासलं होतं. डोंगरातल्या डुकरांचं आणि शिकाऱ्यांचं बाईंनी आणायचं. पण मार्चअखेर अनुदान संपत होतं. तोवर रक्त आलं नाही तर हे काम दुसऱ्याला देणार, निबंधावरून तुमचं नावही जाणार, असं संचालकांनी तोंडावर सांगितलेलं. आणि मावशीच्या कृपेने गावात कुणी बाही वर करेना.

शिकाऱ्यांचा म्होरक्या गेन्झो नासु. मी त्याच्या चुलीपाशी जाऊन बसलो.

"आजोबा, रक्ताच्या बदल्यात बाई दारूची बाटली देतात."

"त्या मेलेल्यालाही दिली असेल," म्हातारा म्हणाला. "आधी मला ती समाधी दाखव. कोण निजलंय तिथे ते बघतो, मग बोल."

वसंतातल्या पितरांच्या आठवड्यात मी त्याला आणि आणखी काही शिकाऱ्यांना जीपमधून खाली आणलं. मावशीही चढली, तिला कोण अडवणार? संस्थेच्या मागे देवदारांची रांग, खाली एक दगड, दगडासमोर भिक्षू मंत्र म्हणतोय, आणि संस्थेतली सगळी मंडळी काळ्या कपड्यांत. बाई पुढे झाल्या. उदबत्ती लावली आणि डोळ्यांतून धारा लागल्या. नाक लाल, रुमाल चिंब.

"बघ! म्हटलं नव्हतं मी?" मावशीने मला कोपर मारलं.

गेन्झो सरळ बाईंसमोर जाऊन उभा राहिला. "कोण आहे इथे?"

"उंदीर," बाई नाक पुसत म्हणाल्या.

"काय?"

"प्रयोगात मेलेले. पिल्लंच बहुतेक. विषाणू त्यांच्यात वाढवावा लागतो. दरवर्षी त्यांची माफी मागतो आम्ही."

शिकाऱ्यांतला एकजण फिसकन हसला. म्हाताऱ्याने मागे वळून असं पाहिलं, की हसू त्याच्या घशातच राहिलं. आमच्याकडे डुक्कर पडलं की काळजाचा तुकडा डोंगरदेवीला ठेवल्याशिवाय कुणी सुरी पुसत नाही. म्हाताऱ्याने टोपी काढली, दगडापुढे वाकला, बराच वेळ वाकूनच राहिला.

"आम्ही हात जोडतो," तो म्हणाला, "पण डुकरासाठी रडलो कधीच नाही. बाई, कुठल्या हाताचं पाहिजे रक्त?"

"आजोबा, दारूचं ठरवून घ्या आधी," मी म्हटलं.

"गप रे! तू रडलायस कधी उंदरासाठी?"

दोन दिवसांत गाव रांगेला लागलं. मावशी सगळ्यांच्या पुढे, आणि सुई टोचण्याआधीच "मेले, मेले" सुरू. मोसमातल्या शेवटच्या शिकारीचं रक्तही शिकाऱ्यांनी बाईंच्या बाटल्यांत भरून दिलं. मार्च संपायच्या आत सगळं बर्फात घालून मी खाली पोचवलं.

निबंध छापून आला. आधी बाईंचं नाव, मग ओकांचं, मग तैपेईच्या डॉक्टरांचं, आणि शेवटी बारीक अक्षरांत नासु आणि गावकऱ्यांचे आभार. गेन्झोला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. त्याने तो डुकरांच्या जबड्यांच्या रांगेत भिंतीवर टांगला.

आता गेन्झो नाही, ओक नाहीत. बाईही गेल्या. नव्या इमारतीत मी परवा डोकावलो, तर साबणाशिवाय कसलाच वास नाही. गेन्झो मात्र शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगायचा, "उंदरांसाठी रडणारी डॉक्टर पाहिलीय मी."

बाईंची ने-आण रोज मीच करायचो. फेब्रुवारी ते एप्रिल जीपच्या काचा बंद, तरी त्यांचे डोळे गळायचेच. पुढे काही वर्षांनी टोकियोच्या एका डॉक्टरांनी कारण शोधलं. बाईंना देवदाराच्या परागांची ॲलर्जी होती.