मांगची सीट

आमच्या जठारपेठेतला मेकॅनिक सवालाचं उत्तर देत नाई, पाना पुसत पुसत आपल्यालेच उलटा सवाल करते. मले स्पोर्टी गाडी घ्याची होती. दोन पसंत होत्या. दोनी सारख्याच, अन् दोनीवर मी सारखाच बेढब दिसत होतो.

"भाऊ, कोणती घेऊ?"

"मांगं कोण बसन?"

"बायको. साडीवर, एका बाजूनं. शेंदूरजनाघाटले माहेर हाये. मांगच्या खेपेले अमरावतीतच गाडीवरून उतरून एस्टीत बसली."

तशाच दोनी गाड्या गिऱ्हाइकांच्या त्याच्याकडं सर्विसिंगले आल्याच होत्या. त्यानं एक चालू केली. "बस. वहिनी बसते तसा."

दोनी पाय एका बाजूले सोडून मी बसलो. मांगची सीट उंच अन् पाटाएवढीच. पयल्याच गतिरोधकावर मी त्याच्या पोटाले मिठी मारली. आख्खा चौक हासला, पानटपरीवाल्यानं फोटो काढला. मेकॅनिक मातर हासला नाई. दुसऱ्या गाडीवरही मले तसंच, त्याच गतिरोधकावरून फिरवून आणलं. तिची सीट सपाट अन् सलग होती.

"आता मिठी कावून नाई मारली?" त्यानं इचारलं.

मी दुसरीच घेतली. आता वरुडच्या रस्त्यानं बायको माह्या पाठीवर डोकं टेकून डुलकी काढते, अन् मी स्पोर्टी गाडी सायकलीसारखी चालवतो.